डबीवरचा नांगर

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी चांदीची एक लहान डबी आहे. आगपेटीएवढी, झाकणाला बिजागरी असलेली आणि हाताळून हाताळून कोपरे गुळगुळीत झालेली. झाकणावर लाटांसारख्या बारीक रेषा कोरलेल्या आहेत. माझी आजी तिच्यात मिश्री ठेवते. ही डबी मूळची माझ्या पणजोबांची. ते मुंबईला ग्रँट रोडच्या एका पारशी कुटुंबात स्वयंपाकी होते. नोकरी सोडताना मालकिणीने ती त्यांच्या हातावर ठेवली, एवढे आजीला ठाऊक आहे.

झाकणाच्या आतल्या बाजूला ज्वारीच्या दाण्याहून लहान असे पाच छाप आहेत. एक चालते जनावर, एक नांगर, एक मनुष्याचे मुंडके, एक पुसट अक्षर आणि एका चौकटीत कोरलेली दोन अक्षरे, त्यांतले एक झिजून गेलेले. नांगर म्हणजे शेतातला नव्हे, होडीचा. या नांगरामुळे आमच्या घरात एक कथा तयार झाली होती. ही डबी म्हणे पोर्तुगीजांच्या जहाजावरची! वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती आणि आमचे सोपारा गाव खाडीकाठचे. त्यामुळे या कथेवर कोणी शंका घेतली नाही.

डबीच्या तळाशी, आतून, आणखी तीन खुणा आहेत. त्या छापलेल्या नाहीत, टोकदार वस्तूने ओरखडलेल्या आहेत. त्यांच्याविषयी मात्र घरात कोणी काही बोलत नसे.

गेल्या वर्षी चांदीचा भाव फार चढला. धाकट्या भावाच्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी पैसे हवे होते. वडील डबी घेऊन सराफाकडे गेले आणि मीही बरोबर गेले. सराफाने डबी कसोटीवर घासली, वजन केले आणि म्हणाला, "चाळीस ग्रॅमला थोडी कमी. जुनी विलायती चांदी आम्ही ऐंशी टक्क्यांची धरतो. मोडीचा भाव देईन." मी त्याला आतले छाप दाखवले. तो हसून म्हणाला, "छापाला भाव नसतो, ताई. आटवली की सगळी सारखीच." वडील म्हणाले, "विचार करून येतो," आणि आम्ही घरी परतलो.

ते छाप कशाचे, या एका प्रश्नासाठी मी ग्रंथालयात बसले आणि वाचता वाचता आपल्याच गावाच्या इतिहासात येऊन पोहोचले. त्या वाचनातून जे समजले ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे.

खूण कोणासाठी?

प्रथम एक साधी गोष्ट पाहू. आजीचे चांदीचे तोडे आहेत, पायातल्या मासोळ्या आहेत. त्यांच्यावर एकही छाप नाही. असे का? कारण ते गावच्या सोनाराने घडवले. सोनार ओळखीचा, त्याचा बाप ओळखीचा. चांदी खोटी निघाली तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन उभे राहता येत होते. ओळख हीच तेथे हमी होती. जेथे घेणारा आणि देणारा एकमेकांना ओळखत नाहीत, तेथे चांदीवर खुणेची गरज निर्माण होते. बंदरात, बाजारपेठेत, परक्या शहरात माणूस आपल्याबरोबर आपली पत घेऊन जाऊ शकत नाही. म्हणून ती पत चांदीवर ठोकून पाठवावी लागते.

आपले सोपारा हे असेच अनोळखी माणसांचे ठिकाण होते. संस्कृत ग्रंथांत त्याचे नाव शूर्पारक. पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषेतल्या सागरी प्रवासवर्णनात ते 'सुप्पारा' म्हणून येते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने येथे आपल्या आज्ञा शिळांवर कोरविल्या. त्यांतील आठव्या आज्ञेचा तुकडा १८८२ मध्ये येथे सापडला आणि नवव्या आज्ञेचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला मिळाला. जेथे राजाला आपली आज्ञा कोरून ठेवावीशी वाटते, तेथे माणसांची वर्दळ मोठी असणार हे उघड आहे.

त्या काळी देशभर चांदीची जी नाणी चालत त्यांना 'आहत नाणी' म्हणतात. आहत म्हणजे ठोकलेली. ती घडवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. चांदीचा पत्रा करून त्याचे तुकडे कापत. वजन जास्त भरले तर कोपरा छाटत. मग त्या तुकड्यावर एकेक खूण वेगवेगळ्या ठशाने ठोकत. सूर्य, सहा आऱ्यांचे चक्र, टेकडी, हत्ती, बैल, झाड अशा कितीतरी खुणा आढळतात. मगध आणि मौर्य काळातील प्रमाणित नाण्यांच्या दर्शनी बाजूवर अशा पाच खुणा असतात. वजन बत्तीस गुंजांचे, म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅम. या नाण्याला कार्षापण म्हणत. त्यावर राजाचे नाव नाही, साल नाही, एक अक्षरही नाही. जे काही सांगायचे ते खुणांनीच सांगितलेले आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीच्या अधिकाऱ्याला 'लक्षणाध्यक्ष' म्हटले आहे. लक्षण म्हणजे खूण. चलनातील नाणी पारखणारा जो दुसरा अधिकारी, त्याचे नाव 'रूपदर्शक'. एकाने खूण ठोकावी आणि दुसऱ्याने ती तपासावी, अशी ही विभागणी आहे. चांदीच्या व्यवहाराची ही दोन कामे आजही वेगळीच आहेत.

मागच्या बाजूच्या खुणा

आहत नाणे उलटे केले की आणखी लहान लहान खुणा दिसतात. त्या नेमक्या जागी नाहीत, सारख्या संख्येने नाहीत. एखाद्या नाण्यावर एक, तर एखाद्यावर कितीतरी. या खुणांचा विचार ज्यांनी गणिताच्या अंगाने केला ते दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले, व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवलेले हे विद्वान इतिहासाकडे वळले ते नाण्यांच्या वाटेने. तक्षशिलेस सापडलेल्या साठ्यांतील नाणी त्यांनी वजनानुसार तपासली आणि १९४० नंतरच्या काळात त्यावर निबंध प्रसिद्ध केले.

त्यांचा तर्क असा. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते. एकाच दिवशी निघालेली दोन नाणी कमीअधिक फिरली तर त्यांच्या वजनात फरक पडतो. कोसंबींना आढळले की, ज्या नाण्यांच्या मागे खुणा जास्त, त्यांचे सरासरी वजन कमी. याचा अर्थ मागच्या खुणा एकदम ठोकलेल्या नाहीत. नाणे वापरात असताना वेळोवेळी कोणीतरी ते तपासत होते आणि तपासल्याची खूण करत होते. समोरच्या खुणा नाण्याच्या जन्माच्या, तर मागच्या त्याच्या आयुष्यातल्या.

हे वाचले तेव्हा डबीच्या तळाचे तीन ओरखडे माझ्या डोळ्यांपुढे आले. त्यांच्याकडे शेवटी वळू.

एका खुणेवर दुसरी खूण

खुणा वाचताना पहिला प्रश्न विचारावा लागतो तो 'आधी कोणती?' हा. याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५०. ती सर्व क्षहरात घराण्यातील नहपान या राजाची. एका बाजूस त्याचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, आणि लेख ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांत.

पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच राजाचा ठसा आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि त्याची नाणी न आटवता त्यांच्यावरच आपला छाप मारला. एका बाजूला चैत्याची, म्हणजे तीन कमानींच्या टेकडीची खूण, दुसऱ्या बाजूला 'उज्जयिनी चिन्ह'. नहपानाच्या नाकावर सातवाहनांची टेकडी चढलेली अशी ही नाणी आहेत. खालचा छाप दबलेला आणि तुटलेला, वरचा अखंड. म्हणून कोण आधी आणि कोण नंतर हे शिलालेख नसता तरी कळले असते.

या नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या लेण्यांतील त्याच्या लेखात त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे चौसोपी विश्रामगृहे बांधून दिल्याचा उल्लेख आहे. शोर्पारग म्हणजे आपले सोपारा. तेथीलच दुसऱ्या एका लेखात ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण असा दर दिला आहे. म्हणजे जोगळटेंभीला जी चांदी पुरली गेली, तशीच चांदी आपल्या बंदरातल्या धर्मशाळांत उतरणाऱ्या व्यापाऱ्यांच्या कमरेलाही असणार.

खूण एक सांगते, घडण दुसरे

आता सोपाऱ्याच्या स्तूपाकडे येऊ. नालासोपारा पश्चिमेस 'बुरुड राजाचा कोट' नावाने ओळखली जाणारी जी टेकडी होती, ती पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ च्या एप्रिल महिन्यात उकरली. आत एक मोठी दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक करंडक होते. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानून पूजिले गेले असावेत. तांब्याच्या करंडकाभोवती धातूच्या आठ बैठ्या मूर्ती होत्या: सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. आणि या सर्वांबरोबर चांदीचे एक लहान नाणे मिळाले. त्यावर यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचा मुखवटा आणि नाव आहे. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले.

येथे एक पेच पडतो. नाणे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातले. मूर्तींची घडण मात्र आठव्या-नवव्या शतकाकडे बोट दाखवते. चेहऱ्याची ठेवण, बैठक, वस्त्र दाखवण्याची पद्धत, सारेच सातवाहनांच्या काळाहून फार नंतरचे. मग पेटी कधीची?

या पेचातून जो नियम निघतो तो प्रत्येक जुन्या वस्तूला लागू आहे. नाण्याने एवढेच सिद्ध होते की, नाणे आत पडले ते यज्ञश्रीच्या काळाआधी नव्हे. किती नंतर, हे नाणे सांगत नाही. जुने नाणे कोणीही कितीही वर्षांनी ठेवू शकतो. बंद पेटीचे वय तिच्यातील सर्वांत नव्या वस्तूवरून ठरवावे लागते. म्हणून मूर्तींची साक्ष मानली तर पेटी शेवटची बंद झाली ती आठव्या शतकानंतर. मूळ स्तूप जुना, पण पुढे कधीतरी तो उघडून मूर्ती ठेवल्या गेल्या, असे मानले की दोन्ही साक्षी जुळतात. खूण आणि घडण हे दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत. दोघांना वेगवेगळे विचारावे आणि उत्तरे पडताळून पाहावीत.

नाव असले तरी ते फसवू शकते, याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. पेशवाईतील 'अंकुशी' रुपयावर नाव मोगल बादशहाचे असे. वाचता येणारा म्हणेल, हे दिल्लीचे नाणे. पण कोपऱ्यातला लहानसा अंकुश पाहिला की ते मराठी टांकसाळीतले हे कळते. मोठे अक्षर परंपरेचे असते आणि खरी ओळख बारीक खुणेत लपलेली असते.

आमच्या डबीचे पाच छाप

एवढी तयारी झाल्यावर मी डबीकडे पुन्हा पाहिले. इंग्लंडमध्ये चांदी तपासून छाप मारण्याची पद्धत फार जुनी आहे. १३०० च्या कायद्याने तेथे तपासलेल्या चांदीवर बिबट्याच्या मुखाचा छाप आला. पुढे लंडनच्या सोनारांच्या श्रेणीच्या सभागृहात, म्हणजे 'हॉल'मध्ये, माल नेऊन तपासावा लागे. त्यावरून 'हॉलमार्क' हा शब्द झाला. आज आपल्याकडे दागिन्यांच्या दुकानावर जो शब्द लिहिलेला असतो त्याचे मूळ हे.

या पद्धतीत प्रत्येक छापाचे काम ठरलेले आहे. चालता सिंह म्हणजे हजार भागांत किमान ९२५ भाग शुद्ध चांदी. गावाची खूण म्हणजे कोणत्या कार्यालयात तपासले ते. लंडनचा बिबट्या, शेफील्डचा १९७४ पर्यंत मुकुट, आणि बर्मिंगहॅमचा नांगर! पुसट एकटे अक्षर म्हणजे वर्षाचे अक्षर, कारण तेथे दर वर्षी अक्षर बदलते. चौकटीतील दोन अक्षरे कारागिराच्या नावाची. आणि मुंडके म्हणजे राजाचे वा राणीचे. १७८४ मध्ये तेथे चांदीवर कर बसला आणि तो भरल्याची पावती म्हणून हा मुखवटा ठोकत. १८९० मध्ये तो कर रद्द झाला आणि मुखवटाही गेला.

आमच्या डबीवरील मुंडके भिंगातून पाहिले तर ते स्त्रीचे आहे. केस मागे बांधलेले, तोंड डावीकडे. म्हणजे ती व्हिक्टोरिया राणी, जी १८३७ मध्ये गादीवर आली. तेव्हा ही डबी १८३७ ते १८९० या काळात बर्मिंगहॅमच्या कार्यालयात तपासली गेली. आता घडणीला विचारू. बर्मिंगहॅम गेल्या दोन शतकांत चांदीच्या लहान डब्यांसाठी प्रसिद्ध होते. तपकिरीच्या डब्या तेथे ढिगाने होत. झाकणावरील लाटांसारख्या सारख्या अंतराच्या रेषा हाताने काढलेल्या नसून यंत्रावर कोरलेल्या आहेत. तीही त्या काळाचीच रीत. दोन्ही साक्षीदार एकच गोष्ट सांगतात. ही तपकिरीची डबी आहे आणि पोर्तुगीजांनी वसई सोडली त्यानंतर किमान अठ्ठ्याण्णव वर्षांनी ती झाली.

बर्मिंगहॅमचे तपासणी कार्यालय १७७३ मध्ये सुरू झाले. बर्मिंगहॅमला समुद्र नाही. तरी नांगर कसा? लंडनला 'मुकुट आणि नांगर' नावाच्या एका खानावळीत याविषयीच्या बैठका झाल्या आणि एक खूण शेफील्डने, दुसरी बर्मिंगहॅमने घेतली, अशी आख्यायिका सांगतात. मी हे आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "समुद्र नाय नि नांगर काय शेतात टाकतात?" आपल्या भाषेत दोन्हींना शब्द एकच असल्यामुळे मला काही उत्तर देता आले नाही.

पण सिंहाचा अर्थ महत्त्वाचा होता. सराफाने जी चांदी ऐंशी टक्क्यांची धरली, ती साडेब्याण्णव टक्क्यांची आहे असे त्या सिंहाचे म्हणणे होते. छापाला भाव नसतो हे खरे नाही. तो वाचणारा नसला तर भाव नसतो.

आपल्या देशातील चांदी

इंग्रजी अमलात आपल्याकडे इंग्लंडसारखी सक्तीची तपासणी नव्हती. त्यामुळे येथील दुकानदार व कारागीर स्वतःचीच अक्षरे ठोकत. कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची ऑर या पेढ्यांचे छाप प्रसिद्ध आहेत. कच्छमधील भुजचे उमरशी मावजी यांच्या कामावर 'ओ. एम्.' ही दोन रोमन अक्षरे आणि काही वेळा 'भुज' असे गावाचे नाव आढळते. असा छाप म्हणजे घडवणाऱ्याची सही. शुद्धतेची सरकारी हमी त्यात नाही, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे.

जेथे छाप नाही तेथे घडणीवरून प्रांत ओळखतात. कच्छी कामात सारा पृष्ठभाग वेलबुट्टीने भरलेला असतो आणि वेलींत मधूनच पशुपक्षी दडलेले. मद्रासकडील कामात देवतांच्या उठावाच्या आकृती. काश्मिरी कामात शालीवरची नक्षी आणि चिनाराची पाने. लखनौच्या कामात जंगल आणि शिकार. ही ढोबळ ओळख आहे. कारागीर गाव बदलत आणि मागणीप्रमाणे एका प्रांतातला दुसऱ्याची नक्षीही करी.

आपल्या घरांतील साध्या दागिन्यांची चांदी पुष्कळदा रुपयांची असते. १८३५ पासून चालू झालेला कंपनीचा आणि पुढे राणीछाप, राजाछाप रुपया बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता व त्यात बारापैकी अकरा भाग चांदी होती. सोनाराकडे रुपये देऊन तोडे करून घेत. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ पासून तो निकेलचा झाला. त्यामुळे घरातले जुने रुपये विकताना साल पाहणे आवश्यक आहे.

एका फसव्या छापाविषयी सावध केले पाहिजे. पुष्कळ घरांतील चमच्यांवर, ट्रेवर 'ई. पी. एन्. एस्.' ही रोमन अक्षरे असतात. ती चांदीची खूण नव्हे. निकेल, तांबे आणि जस्ताच्या मिश्रणावर विजेने दिलेला चांदीचा मुलामा, असा तिचा अर्थ आहे. 'जर्मन सिल्व्हर'मध्येही नावापुरतीच चांदी आहे. अशी वस्तू कडेला झिजली की आतला धातू पिवळसर दिसू लागतो.

स्वतंत्र भारतात भारतीय मानक ब्यूरोने चांदीचे हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू केले. त्यात ब्यूरोची त्रिकोणी खूण आणि ९२५ सारखा शुद्धतेचा आकडा असतो. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या प्रत्येक नगाला सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक देण्याची पद्धत आली. चांदीसाठी हे ऐच्छिक आहे. कार्षापणावरच्या पाच खुणांपासून या सहा अक्षर-अंकांपर्यंत कारण तेच राहिले आहे: समोरचा माणूस ओळखीचा नाही.

कसे पाहावे?

ज्यांच्या घरी अशी वस्तू असेल त्यांच्यासाठी चार सूचना कराव्याशा वाटतात. पाहण्यापूर्वी वस्तू राखेने वा चिंचेने घासू नये. काळेपणा हा हवेतील गंधकाचा थर आहे, त्याने अपाय होत नाही. घासण्याने मात्र उथळ छाप पुसले जातात. दुसरे, छाप तळाला, कडेला, झाकणाच्या आत, चमच्याच्या दांड्याच्या मागे शोधावेत आणि तिरप्या उजेडात भिंगाने पाहावेत. तिसरे, जे दिसते ते आधी काढून घ्यावे, अर्थ नंतर लावावा. आम्ही नांगराचा अर्थ आधी लावला आणि तीन पिढ्या जहाज शोधत बसलो. चौथे, एका छापावर निर्णय देऊ नये. छाप खोटेही मारता येतात. छाप, वजन, घडण आणि वस्तू घरात कशी आली ती हकीकत, ही चारही जुळली तरच विश्वास ठेवावा.

तळाचे तीन ओरखडे

आता राहिले ते तीन ओरखडे. पहिला '३॥' असा आहे. तीनच्या पुढे दोन उभ्या रेघा. मला तो उलगडेना. आमच्या इतिहासाच्या सरांनी सांगितले, जुन्या हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव आणि दोन म्हणजे अर्धा. म्हणजे साडेतीन तोळे. साडेतीन तोळ्यांचे होतात सुमारे ४०.८ ग्रॅम. आज डबी चाळीसला कमी भरते. तो सराफ पाव-अर्ध्या तोळ्यातच मोजणारा असेल, तरीही रोजच्या मिश्रीच्या बोटांनी थोडी चांदी नेली असणारच. दुसरा ओरखडा नुसता आकडा आहे. तिसरा देवनागरी दोन अक्षरे.

मी आजीला विचारले. ती बराच वेळ डबीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पहिली संपातली." १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आजोबा गिरणीत होते. पगार थांबला आणि डबी गहाण पडली. "दुसरी तुझ्या आत्याच्या लग्नातली." आणि तिसरी? "तुझ्या कॉलेजची. पयल्या वर्षाची." हे मला ठाऊक नव्हते. सराफ गहाण वस्तूवर आपल्या वहीची खूण करतो. तीनदा डबी गेली आणि तीनदा सुटून आली. कोसंबींच्या नाण्याच्या मागच्या बाजूसारखेच हे होते. पुढचे छाप इंग्लंडच्या राणीचे आणि मागचे आमच्या घराचे.

त्या रात्री मी वडिलांना सिंहाचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, मग दुसऱ्या दुकानात विचारू, जास्त येतील. आजी म्हणाली, "ठेवायची तर ठेव. चौथी रेघ पडू दे. आटवायला देऊ नको."

भावाचा प्रवेश झाला. डबी सध्या बाजारात आहे. पावतीवर 'चांदीची डबी, एक नग' एवढेच लिहिले आहे. पावतीच्या मागे मी पेन्सिलीने पाचही छाप आणि तिन्ही ओरखडे काढून ठेवले आहेत.